अरविंद सबनीसांचे दोनशे अठरा तास

"तुमच्या सहीचं हे दुसरं पत्र," फोनवरची बाई म्हणाली. "पहिल्यात त्याला काढून टाकलं होतं. ह्यात त्याचा सत्कार आहे."

जयंती गुप्तेने आवाज लगेच ओळखला. ऊर्मी सबनीस, अरविंदची बायको. चार वर्षांनी.

"ऊर्मी? कसलं पत्र?"

"वाचून दाखवते. 'प्रिय अरविंद सबनीस, या वर्षी आपण आमच्या हेल्पलाइनवर दोनशे अठरा तास काम केलंत. सर्व स्वयंसेवकांमध्ये आपले तास सर्वाधिक आहेत. मे महिन्यात हॅमिल्टनला होणाऱ्या वार्षिक संमेलनात आपला सत्कार करण्याची संधी आम्हाला द्यावी.' खाली तुमची सही." ऊर्मी जरा थांबली. "अरविंदला जाऊन चार वर्षं झाली, जयंतीबाई. तुम्ही फ्युनरलला आला होतात. मागच्या रांगेत बसलात आणि कोणाशी न बोलता निघून गेलात."

"मला खरंच काही कल्पना—"

"चूक असेल तर चूक म्हणून सांगा. कोणी चेष्टा केली असेल तर त्याचं नाव सांगा. उगाच 'सॉरी फॉर द इन्कन्व्हिनियन्स' नकोय मला."

फोन बंद झाला.

एप्रिलमधला सोमवार होता, सकाळचे साडेनऊ. हॅमिल्टनच्या आपल्या घरात जयंती पुढच्या तीन महिन्यांचं वेळापत्रक लावत बसली होती. मेमध्ये संमेलन, जूनमध्ये मार्कहॅमच्या लायब्ररीत अर्ज भरून द्यायचा दिवस, जुलैत नव्या लोकांचं प्रशिक्षण. प्रत्येकासमोर रिकाम्या चौकटी होत्या, त्यांत माणसं बसवायची होती.

कॉलेजांमधून विद्यार्थ्यांना कर्ज, शिष्यवृत्त्या, अडीअडचणीची मदत मिळवून देणारे जे कर्मचारी असतात, त्यांची ही संघटना; अर्जांत अडकलेल्या मुलांसाठी ती फोनवर हेल्पलाइनही चालवायची. जयंतीने अशा ऑफिसात सव्वीस वर्षं काढली. मागच्या वर्षी रिटायर झाली आणि संघटनेचं स्वयंसेवकांचं काम तिने अंगावर घेतलं. गेल्या आठवड्यात पोर्टलवर एक बटण दाबून तिने साठ जणांना टपालाने, घरच्या पत्त्यावर आभाराची पत्रं धाडली होती. साठ नावं वाचायची तसदी तिने घेतली नव्हती.

ऊर्मी पूर्वी तिला 'अगं जयू' म्हणायची. आज 'जयंतीबाई' झाली होती. त्याला कारणही तसंच होतं.

सहा वर्षांपूर्वीची गोष्ट. अरविंद सबनीस तेव्हा व्हिटबीजवळच्या एका कॉलेजात कामाला होता. वडिलांची नोकरी गेलेली, आईला कॅन्सर झालेला, अशा अकरा विद्यार्थ्यांनी वाढीव मदतीसाठी केलेल्या फेरविचाराच्या अर्जांची शेवटची तारीख होती. ते अर्ज गेलेच नाहीत. तीन आठवड्यांनी त्यांच्या फायली सापडल्या त्या अरविंदच्या ड्रॉवरमध्ये. अरविंद सांगत राहिला, "मी त्या सगळ्यांच्या ट्रेमध्ये ठेवल्या होत्या. त्या दिवशी मी ट्रेनिंग द्यायला बाहेर होतो. कोणीतरी घेतल्या, आणि कोणीतरी ड्रॉवरमध्ये ठेवल्या." ते कोणीतरी काही पुढे आलं नाही. अकरातला एक मुलगा कॉलेज सोडून गेला. अरविंदला राजीनामा द्यायला लावला. पंधरा वर्षं तो संघटनेत नव्या लोकांना शिकवत होता. त्या शिकवण्याच्या कामावरूनही त्याला काढलं; सभासदत्व तेवढं राहिलं. त्या पत्रावर सही सेक्रेटरीची, म्हणजे जयंतीची. दोन वर्षांनी हार्ट अटॅकने तो गेला.

जयंतीने पोर्टल उघडलं. नाव होतं. अरविंद सबनीस, आजीव सभासद. सप्टेंबरपासून दर बुधवारी दुपारी एक ते चार, दर शनिवारी दहा ते दोन.

गेलेल्या माणसाचं नाव यादीतून काढायचं काम तिचंच होतं. ती फाइल उघडायचा तिला धीर झाला नव्हता.

तिने मिलिंदला फोन लावला. संघटनेचं पोर्टल सांभाळणारा पुण्याचा चाळिशीतला मुलगा. मार्कहॅमला एका सॉफ्टवेअर कंपनीत होता, हे काम हौसेने करायचा.

"ताई, हे हॅकिंग वगैरे नाहीये," अर्ध्या तासाने त्याने सांगितलं. "सप्टेंबरमध्ये त्यांच्या अकाउंटचा ईमेल बदललाय. 'जुना ईमेल विसरलो' म्हणून फॉर्म असतो ना, तो भरलाय."

"त्याला काय लागतं?"

"मेंबर नंबर आणि जॉइन झाल्याचं वर्ष."

"ते कोणाकोणाकडे असतं?"

"जुन्या कमिटीवाल्यांकडे छापील डिरेक्टरी आहे. तुमच्याकडे असेल. चित्राताईंकडे असेल. सबनीसांच्या घरी त्यांचं कार्ड असेलच. आणि माझ्याकडे तर सगळंच आहे."

"ते फोन रेकॉर्ड होतात?"

"छे. मुलं घरच्या भानगडी सांगतात, प्रायव्हसीचा प्रश्न आहे. कॉल संपला की त्यांचा नंबरही पुसला जातो. पहिलं नाव, गाव आणि व्हॉलंटियरने लिहिलेली नोट, एवढंच उरतं."

"स्वयंसेवकाला फोन नेमून दिला जातो का?"

"नाही. कोण थांबलंय त्यांची नावं स्क्रीनवर दिसतात, व्हॉलंटियर हवा तो कॉल उचलतो."

जयंतीने क्षणभर विचार केला. "मिलिंद, एक विचारू? राग मानू नकोस. तू तर नाहीस ना?"

मिलिंद हसला. "मी असतो तर हे पत्र गेलंच नसतं, ताई. जास्त तासवाल्याला आपोआप इन्व्हिटेशन जायचं, ही सोय मी याच वर्षी टाकली. कोणाला सांगितलंही नव्हतं. मी एक टिक काढून मोकळा झालो असतो."

हे पटण्यासारखं होतं. ज्याने कोणी हे केलं, त्याला हे उजेडात यायला नको होतं.

पुढचा फोन तिने सवयीने चित्राला लावला. चित्रा मोहरील तिची पंचवीस वर्षांची मैत्रीण; अरविंदच्याच ऑफिसात त्याच्या शेजारच्या टेबलावर बसायची. ऑगस्टमध्ये तीही रिटायर झाली होती. व्हिटबीला एकटीच असायची.

जयंतीने सगळं सांगितलं. 

"चित्रा? आहेस ना?"

"आहे. ऊर्मीला किती त्रास झाला असेल गं." चित्राचा आवाज बसल्यासारखा होता. "तू असं कर, नाव काढून टाक यादीतून आणि तिची माफी माग. उगाच खणत बसू नकोस."

"अगं, पण कोणीतरी सात महिने त्याच्या नावाने काम करतंय! तू जरा पोर्टलवर बघतेस का, तुला काही लक्षात येतंय का ते?"

"माझं इंटरनेट धड चालत नाहीये. मार्चमध्ये तो आइस स्टॉर्म झाला ना, त्या शनिवारी भर सकाळी आमच्याकडे वीज गेली ती रविवारी आली. तेव्हापासून मोडेम रुसलाय. आणि गुडघ्यामुळे मी या वर्षी कुठल्याच कामाला नाव दिलेलं नाही, माहितीये ना तुला."

जयंतीने फोन ठेवला. मग एकशे त्रेसष्ट कॉलच्या नोट्स छापून काढल्या आणि जेवणाच्या टेबलावर मांडल्या.

नोट्स चांगल्या होत्या. चांगल्या कसल्या, उत्तम होत्या. कोणत्या मुलाला कुठला कागद लागेल, वडिलांनी सही द्यायला नकार दिला तर काय करायचं, घर सोडून आलेल्या मुलीने कोणाचं पत्र जोडायचं, सगळं नेमकं होतं. हे कोणा हौशी माणसाचं काम नव्हतं. म्हणजे ऊर्मी नाही. ती शाळेत गणित शिकवायची, तिला यातलं ओ की ठो ठाऊक नव्हतं.

आणि जवळजवळ प्रत्येक नोटच्या शेवटी एकच ओळ होती. 'सेव्ह झालं म्हणजे पाठवलं गेलं असं नाही, हे दोनदा सांगितलं. पावती क्रमांक मोठ्याने वाचून घेतला.'

अरविंदची शिकवण, असं जयंतीला आधी वाटलं. कपाटातून तिने त्याच्या प्रशिक्षणाची जुनी टिपणं काढली. चाळीस पानं होती. तीनदा चाळली. त्यांत ही ओळ कुठेच नव्हती.

म्हणजे हा धडा अरविंदचा नव्हता. जो कोणी फोनवर बसत होता, त्याचा स्वतःचा होता.

दुसऱ्या दिवशी सकाळी ती सलोनीला भेटायला गेली. सलोनी आता हॅमिल्टनच्याच एका कॉलेजात होती. सहा वर्षांपूर्वी ती अरविंदच्या ऑफिसात नवीन लागली होती; त्याच्या फ्युनरलला सगळ्यांत जास्त रडली होती ती हीच. काउंटरमागच्या छोट्या खोलीत तिने जयंतीला बसवलं.

"त्या दिवशी तू ऑफिसात होतीस?" जयंतीने विचारलं.

"कुठल्या दिवशी?"

"शेवटच्या तारखेला. अरविंद ट्रेनिंगला गेला होता तेव्हा."

सलोनीचा चेहरा उतरला. "होते. दिवसभर फ्रंट डेस्कला. एवढी लाइन होती की वॉशरूमला जायला मिळालं नाही."

"ट्रे कुठे असायचा?"

"आतल्या खोलीत. काम झालेल्या फायली सरांच्या ड्रॉवरमध्ये जायच्या."

"आत कोण होतं?"

"चित्राताई. आणि आमचा मॅनेजर, पण तो सुट्टीवर होता. एन्क्वायरीत मला हे कोणी विचारलंच नाही, जयंतीताई. मी तीन महिन्यांची नवी. मला वाटलं, मोठ्या लोकांना माहीत असेल." तिने खोलीचं दार लोटून घेतलं. मग म्हणाली, "सरांनी मला सगळं शिकवलं. मी निदान म्हणायला हवं होतं की सरांनी त्या दिवशी ऑफिसात पायसुद्धा ठेवला नाही."

"त्या कामाला लॉगिन कोणाचं वापरायचात?"

"सगळ्या ऑफिसचं एकच होतं तेव्हा. आता प्रत्येकाचं वेगळं असतं."

"आणि अर्ज भरून सेव्ह केला, पण पाठवलाच नाही, तर काय व्हायचं?"

"चौदा दिवस राहायचा. मग सिस्टिम आपोआप डिलीट करायची. का?"

चौदा दिवस. आणि चौकशी सुरू झाली तीन आठवड्यांनी. 

"सलोनी, हल्ली अरविंदच्या नावाने हेल्पलाइनवर कोणीतरी बसतंय. तुला माहीत आहे?"

सलोनीने डोळे मोठे केले. "म्हणजे ते आपले सर? मला वाटलं दुसरा कोणीतरी अरविंद असेल! मागच्या महिन्यात एक मुलगा आला होता, काइल म्हणून. म्हणाला, मला 'अर्विंड'ने इथे पाठवलं, 'दे वेअर अमेझिंग'. मी विचारलं, ही की शी? तर म्हणे, आय डोन्ट नो, नाइस व्हॉइस." ती जरा हसली. "इथल्या पोरांना काय कळतंय, अरविंद बाप्याचं नाव की बाईचं."

जयंती उठली. सलोनी विचारत राहिली, काय झालं म्हणून. पण जयंती पार्किंगमध्ये पोचलीसुद्धा होती.

गाडीतच तिने नोट्सचा गठ्ठा मांडीवर घेतला आणि फक्त नावं वाचत गेली. काइल. मेई. ऑलिव्हिया. टायरोन. जुलिया. कॉनर. अहमद. ग्रेस. एकशे त्रेसष्ट नावं. त्यांत एकही हरप्रीत नव्हता. एकही प्रिया नव्हती. पटेल, सिंग, नायर यांच्या पोरांनी इथली कॉलेजं भरलीत, आणि या स्वयंसेवकाला सात महिन्यांत एकही भारतीय मुलगा फोनवर भेटला नाही?

भेटला नाही असं नव्हतं. उचललाच नव्हता. भारतीय पोरगं बोलता बोलता म्हणालं असतं, 'अरविंद? पण तुम्ही तर बाई आहात!'

ती बाई होती.

मग जयंतीने तारखा पाहिल्या. मार्चमधला वादळाचा शनिवार. सकाळी अकरा वीसला ग्रेस नावाच्या मुलीचा कॉल अर्धवट तुटला होता, त्यानंतर दिवसभर काही नाही. बुधवारची पहिली नोट होती, 'ग्रेसने पुन्हा फोन केला. माझ्याकडून तुटला होता, माफी मागितली.' त्या शनिवारी हॅमिल्टनला नुसता पाऊस होता. जयंतीच्या घरी दिवे होते, सलोनीच्याही घरी असणार. शिवाय बुधवारी दुपारी सलोनी काउंटरवर असते.

जयंती बराच वेळ गाडी सुरू न करता बसून राहिली. तिला उत्तर कळलं होतं आणि ते तिला नको होतं.

व्हिटबीला पोचायला दीड तास लागला. चित्राने दार उघडलं, जयंतीच्या हातातला कागदांचा गठ्ठा पाहिला, आणि आत गेली. चहाचं आधण ठेवलं. मग ते तसंच सोडून येऊन समोर बसली.

"बोल," ती म्हणाली.

"तू बोल."

"नाही. तू काय शोधलंस ते मला ऐकू दे."

जयंतीने कागद टेबलावर ठेवले. शब्द शोधत, हळू बोलली.

"ज्याने हे केलं त्याच्याकडे अरविंदचा मेंबर नंबर होता. जुन्या कमिटीची डिरेक्टरी तुझ्याकडे आहे. त्याला हे काम आतून माहीत होतं. आणि तो माणूस बाई होता, कारण त्याने ठरवून एकाही भारतीय मुलाचा फोन घेतला नाही. शनिवारी वादळात अकरा वीसला त्याचा कॉल तुटला. वीज तुमच्याकडे गेली होती, चित्रा. काल तूच मला सांगितलंस. ऑगस्टमध्ये तू रिटायर झालीस, सप्टेंबरमध्ये त्याचा ईमेल बदलला. गुडघ्याचं म्हणालीस, पण फोनवर बसायला गुडघा कशाला लागतो?"

"एवढंच?"

"नाही." जयंतीने एका नोटवर बोट ठेवलं. "हे महत्त्वाचं. 'सेव्ह झालं म्हणजे पाठवलं गेलं असं नाही.' एकशे साठ वेळा लिहिलंयस. चौकशीत सगळ्यांनी धरून चाललं होतं की त्या अकरा अर्जांना कोणी हातच लावला नाही. मीही. पण ही ओळ लिहिणाऱ्याला वेगळं माहीत होतं. ते अर्ज भरले गेले होते. सेव्ह झाले होते. शेवटचं बटण दाबायचं राहिलं. चौदा दिवसांनी सिस्टिमने ते पुसले, आणि चौकशी एकविसाव्या दिवशी सुरू झाली तेव्हा काहीच शिल्लक नव्हतं. झालेल्या फायली अरविंदच्या ड्रॉवरमध्ये ठेवायची तुमच्याकडे पद्धत होती. काम झालं असं समजून कोणीतरी त्या तिथे ठेवल्या. आतल्या खोलीत त्या दिवशी एकच माणूस होतं."

चित्राने मान हलवली. तिच्या डोळ्यांत पाणी नव्हतं. जयंतीला वाटलं, ते केव्हाच संपलं असावं.

"साडेचार वाजले होते," चित्रा म्हणाली. "अकराच्या अकरा भरले. स्क्रीनवर हिरव्या अक्षरात आलं, सेव्ह्ड. मला वाटलं झालं. मी फायली त्याच्या ड्रॉवरमध्ये टाकल्या आणि ग्रोसरी करून घरी आले. तीन आठवड्यांनी बोंब झाली तेव्हा पाच मिनिटांत माझ्या लक्षात आलं काय झालंय ते."

"मग?"

"चौकशीला बोलावलं. विचारलं, तुम्ही या फायली हाताळल्या का? मी म्हटलं, नाही." ती खिडकीबाहेर पाहत होती. "एवढंच. त्यानंतर मी कधीच खोटं बोलले नाही. कोणी परत विचारलंच नाही. मला वाटलं, अरविंदची पंधरा वर्षांची पुण्याई आहे, त्याला नुसती समज देतील. माझं घराचं मॉर्गेज होतं, यांना जाऊन वर्ष झालं होतं. ही काही कारणं नाहीत, मला माहितीये. त्याने टेबल आवरलं त्या दिवशी मी त्याला खोके गाडीत ठेवायला मदत केली, जयू. तो मला थँक यू म्हणाला."

आतमध्ये पाणी उकळून उकळून आटल्याचा वास यायला लागला. जयंतीने जाऊन शेगडी बंद केली. परत आली तेव्हा चित्रा तशीच बसलेली होती.

"त्याच्या नावाने का बसलीस फोनवर?"

"माझ्या नावावर तास लागायला नको होते. ते काम त्याचं होतं, मी त्याच्याकडून हिसकावलं होतं. वाटायचं, एखाद्या पोराचा अर्ज नीट गेला की त्याच्या नावावर एक जमा होतंय." ती कडवट हसली. "कोणाला कळणार होतं? मी यादीत नावही बघत नव्हते. पत्र जाईल हे माझ्या स्वप्नातही नव्हतं. आणि गेलं ते नेमकं तिच्या घरी."

"ऊर्मीला सांगायला हवं."

"तू सांग. माझ्याने नाही होणार."

जयंतीने कागद गोळा केले. मग म्हणाली, "मीही तुला एक सांगते. हे मी कोणालाही सांगितलेलं नाही. त्याला काढल्याचं पत्र जायच्या आदल्या दिवशी अरविंदने मला फोन केला होता. मी उचलला नाही. त्याने मेसेज ठेवला, 'जयंती, पाचच मिनिटं बोल माझ्याशी, त्या दिवशी मी कुठे होतो ते तुला तरी माहीत आहे.' आणि मला माहीत होतं, चित्रा! त्या दिवशीचं ट्रेनिंग मीच ठेवलं होतं. तो माझ्यासमोर उभा राहून वीस जणांना शिकवत होता. मी एवढंच धरून बसले की त्याने आदल्या आठवड्यात ते अर्ज पाठवायला हवे होते. कमिटीने सही करायला सांगितली, मी केली. मेसेज पुसून टाकला." तिने चित्राचा कोट खुंटीवरून काढला. "तू खोटं बोललीस. मी विचारलंच नाही. ऊठ, आपण दोघी जाऊ."

मार्कहॅमला ऊर्मीने दोघींना एकदम दारात पाहिलं आणि काय ते अर्धं ओळखलं असावं. ती त्यांना आत घेऊन गेली. बसा म्हणाली नाही. त्या बसल्या.

चित्राने सांगितलं. कुठेही न थांबता, स्वतःला कुठेही सावरून न घेता, साडेचार वाजल्यापासून 'नाही' या शब्दापर्यंत. मग जयंतीने फोनचं सांगितलं.

"तो फोन त्याने केला तेव्हा मी शेजारी उभी होते," ऊर्मी म्हणाली. "दोन दिवस तो फोन हातात घेऊन फिरत होता. बाथरूममध्येसुद्धा. म्हणायचा, जयू करेल."

जयंतीला मान वर करता येईना.

ऊर्मी चित्राकडे वळली. "किती तास बसलीस म्हणालीस?"

"दोनशे अठरा."

"तेव्हा एक मिनिट पुरलं असतं."

 बाहेर शेजारचा कोणीतरी गाडीचे विंटर टायर काढत होता. लोखंडाचा टणटण आवाज येत होता.

"त्याला वाटायला लागलं होतं की चूक त्याचीच असेल," ऊर्मी म्हणाली. "शेवटी शेवटी मला विचारायचा, माझ्याच हातून ड्रॉवरमध्ये गेल्या असतील का गं? आठवत नाही असं होईल का? मी म्हणायचे, नाही रे. पण मलाही खात्री नव्हती. नवऱ्यावर माझाही पूर्ण विश्वास राहिला नाही, हे तुमच्यामुळे. ह्याची माफी मी कुणाकडे मागू?"

चित्राने तोंडावर हात ठेवला.

बऱ्याच वेळाने ऊर्मीने डोळे पुसले. तिचा आवाज शाळेतल्या बाईसारखा सरळ झाला. "सत्कार वगैरे नकोय. तुमच्या संमेलनात उभं राहायचं, दोघींनी, आणि हे सगळं बोलायचं. कॉलेजला लेखी द्यायचं. 'गैरसमज' हा शब्द वापरायचा नाही."

"येशील तू?" जयंतीने विचारलं.

"मी कशाला? मी ऐकलं. ज्यांनी त्याला काढलं, त्यांनी ऐकू दे."

मेच्या दुसऱ्या शनिवारी हॅमिल्टनच्या त्या हॉलमध्ये दीडशे माणसं होती. कार्यक्रमपत्रिकेत 'स्वयंसेवकांचा गौरव' असं छापलेलं होतं. त्या वेळेला चित्रा मोहरील मंचावर गेली आणि कागदावरून वाचलं. तिचा आवाज दोनदा अडकला. पाणी कोणी दिलं नाही. मग जयंतीने आपला भाग वाचला, आणि आपला राजीनामाही. टाळ्या वाजल्या नाहीत. वाजायला नकोच होत्या. अध्यक्षांनी माइक हातात घेतला.

मागच्या रांगेतून कोणीतरी उठलं. सलोनी होती. रडत नव्हती.

"त्या अकरातला जो मुलगा कॉलेज सोडून गेला," तिने विचारलं, "तो कुठे आहे?"

जयंतीने चित्राकडे पाहिलं. चित्राने मान खाली घातली.

"माहीत नाही," जयंती म्हणाली. "गंधार नाव त्याचं. सहा वर्षांत आम्ही कोणी विचारलंच नाही. येत्या सोमवारपासून शोधणार आहोत."